बुधाजीला महाराजांनी खांदा दिला

श्री तुळाजी महाराज त्या वर्षी फाल्गुनात खैरकोंड गावी मुक्कामाला होते. खैरकोंड म्हणजे खाडीपासून आत, डोंगराच्या कुशीत वसलेलं कोकणातलं गाव. मध्यावर वाघजाईचं कौलारू देऊळ, देवळासमोर पालखी टेकवायची दगडी सहाण, आणि गावाबाहेर नदीच्या वाटेवर महादेवाचं एक लहानसं पडकं देऊळ. त्या पडक्या देवळाच्या ओसरीवर महाराजांचं आसन असे. आसन म्हणजे काय, एक घोंगडी आणि उशाला वीट! महाराज भगवं नेसत नसत. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, पाय अनवाणी. ज्या घरी जेवत त्या घरी आपलं ताट आपणच घासत. घरची बाई संकोचून "महाराज, असू द्या हो" म्हणाली, तर हसून म्हणत, "माई, खाल्लं मी आणि घासायचं तुम्ही, हा कुठला न्याय?" लोकांना मोठी मौज वाटे. पण मौज वाटणं निराळं आणि मनात उतरणं निराळं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच.

खैरकोंडात महाराजांचा एक शब्द मात्र एका बाईच्या मनात असा उतरला, की तिचा सगळा संसार ढवळून निघाला. त्या बाईचं नाव शेवंती.

शेवंतीचा नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिचे सासरे बुधाजी, दोघंच. तिनं माहेरी परत न जाता सासऱ्यांना सांभाळलं आणि सासऱ्यांनी तिला लेकीसारखं वागवलं. ती त्यांना तात्या म्हणे. हे तात्या म्हणजे गावाचे जुने खांदेकरी. शिमग्यात कोकणातल्या देवी पालखीत बसून घरोघर जातात, हे तुम्हाला माहीत आहे. ढोल वाजू लागला की खांदेकरी पालखी खांद्यावर घेऊन नाचतात, आणि देवी दारात आली की घरच्या बाया तिची ओटी भरतात. बुधाजींनी मिसरूड फुटल्यापासून केस पांढरे होईपर्यंत वाघजाईची पालखी नाचवली. ते पुढच्या दांडीला असले की पालखीतल्या समईची ज्योतसुद्धा हलत नाही, असं लोक म्हणत. गावातले निम्मे तरुण पोरगे पालखी नाचवायला शिकले ते त्यांच्याच हाताखाली.

असं हे मानाचं घर. ते वाळीत पडलं, आणि कशामुळे पडलं, तेही ऐका.

आदल्या वर्षी महाराज गावात प्रवचनाला आले होते, तेव्हा म्हणाले होते, "दारात आलेल्या जिवाला जात विचारू नका, तहान विचारा." सगळ्या गावानं माना डोलावल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, शिमग्याच्या आधी, माघातल्या भर उन्हात, कोळशाच्या भट्टीवर कामाला निघालेलं एक कातकरी जोडपं गावातून चाललं होतं. नवऱ्याचं नाव सोमा हिलम, बायकोचं चांगुणा. बरोबर शेवंतीच्या अंगणासमोर चांगुणेला कळा सुरू झाल्या. ती कुंपणाला धरून खाली बसली. आजूबाजूच्या दारांतून बायका डोकावल्या, हळहळल्या, आणि दारं लावून घेतली. शेवंतीनं मागचापुढचा विचार केला नाही. तिनं चांगुणेला काखेत धरून माजघरात आणलं, चुलीशेजारी ऊब होती तिथं घोंगडं अंथरलं. तात्यांनी अंगणात पाणी तापवलं. दिवस कलायच्या आत कातकरणीला मुलगी झाली. धडधाकट, घर दणाणून सोडणारी!

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. गावकीचे प्रमुख विश्रामअप्पा. वाघजाईचे मानकरी, पहिला नारळ यांचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. रस्त्याला, पाण्याच्या टाकीला, शाळेच्या पत्र्यांना यांनीच धावपळ केलेली. पण आपला शब्द म्हणजे देवीचा शब्द, असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि एकदा असं वाटू लागलं की चांगला माणूसही कामातून जातो. अप्पांनी निवाडा दिला: शेवंतीनं कातकरणीला चुलीपाशी घेतलं, घर बाटवलं. तिनं घर शुद्ध करून घ्यावं आणि देवळात सगळ्यांसमक्ष नाक घासून माफी मागावी.

शेवंती आवाज चढवून बोलणारी बाई नव्हती. पदर सारखा करून ती एवढंच म्हणाली, "देवीपुढं मी रोज डोकं टेकते, आजपण टेकीन. पण चुकले म्हणून नाक नाय घासणार. मी चुकलेच नाय."

"आणि बुधाजी, तुमचं काय म्हणणं?" अप्पांनी विचारलं.

"माझं काय म्हणणं असणार?" तात्या म्हणाले. "पाणी मीच तापवलं."

झालं! घर वाळीत पडलं. म्हणजे काय झालं, तर शेवंती नळावर गेली की बायका कळशा उचलून निघून जात. दुकानदार तिच्याकडे बघत नसे. गिरणवाला दळण घेत नसे. ती डोक्यावर पायलीभर दळण घेऊन शेजारच्या गावी चालत जाई. तिच्याशी जो बोलेल तोही वाळीत, असा हुकूम होता. त्यामुळे ज्यांना तिची दया येई तेही दुसरीकडे बघून जात. त्या शिमग्यात देवीची पालखी तिच्या कुंपणावरून पुढे गेली, दारात वळली नाही. ज्या माणसानं जन्मभर ती पालखी नाचवली तो आपल्याच पडवीत काठीला धरून उभा राहिला, ढोल लांब जाईपर्यंत ऐकत. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

हे कळल्यावर महाराजांनी शेवंतीला सांगितलं होतं, "मुली, वाळीत टाकणं हा आता सरकारच्या कायद्यानं गुन्हा आहे. दाद मागणं हा तुझा हक्क आहे. मागायला लाजू नको, घाबरूही नको. मी तुझ्याबरोबर तालुक्याला येतो."

ती म्हणाली, "महाराज, जाईन मी. पण एक शिमगा मला द्या. पोलीस आले तर गाव भीतीनं माझ्याशी बोलेल. तात्यांना गाव मनापासून बोललेलं पाहिजे हाय."

महाराजांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं. हा शिमगा मी खैरकोंडातच आहे."

म्हणून त्या वर्षी महाराज तिथं होते.

पालखी निघायच्या दिवशी उजाडता उजाडता तात्यांना धाप लागली. आठ-पंधरा दिवस ते अंथरुणाला खिळलेच होते. देवळाकडे ताशाचा आवाज सुरू झाला होता. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "ढोल लागला का गो बाय?"

"लागेल आता, तात्या."

"गणपतला सांग, वहाळाच्या उतारावर मागची दांडी खाली सोड म्हणावं." गणपत म्हणजे त्यांचा शिष्य, आता पुढच्या दांडीचा खांदेकरी; आणि वहाळ म्हणजे पालखीच्या वाटेवरचा ओढा. एवढं बोलून तात्यांनी तिच्या हाताचं पाणी घेतलं आणि प्राण सोडला.

शेवंती रडली. मोठ्यानं रडली. असं रडणं ऐकून एरवी अख्खी वाडी धावून येते. त्या दिवशी एकही दार वाजलं नाही. मग ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि देवळाकडे निघाली. घरात मेलेलं माणूस एकटं ठेवून बाईनं गावाला बोलवायला जायचं, काय ही वेळ! पण जायला दुसरं होतं कोण?

देवळाच्या पटांगणात सगळा गाव जमला होता. मुंबईहून चाकरमानी आले होते. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसली होती, पालखी झेंडूच्या माळांनी मढवून सहाणेवर टेकवली होती. शेवंती पटांगणाच्या कडेला, चिंचेखाली थांबली. जवळ जायची तिला बंदी होती. तिथूनच ती म्हणाली, "माझं सासरं गेलं. पहाटं गेलं."

ताशा थांबला. लोक एकमेकांकडे बघू लागले, तिच्याकडे कोणी बघेना.

देवळाचे पुजारी नारायण गुरव चुळबुळले. "अप्पा," ते हळूच म्हणाले, "गावात मयत झालं. प्रेत गावाबाहेर जाऊन मंडळी अंघोळी करीत नाय तोवर पालखी उठवता येत नाय. रीत हाय आपली."

रीत तशीच आहे. गावात कोणाचंही मरण झालं, तरी ते सगळ्या गावाचं सुतक. अप्पांनाही ते ठाऊक होतं. पण पालखी थांबवायची म्हणजे बुधाजी गावचा होता असं कबूल करायचं, आणि कबूल केलं की खांदा द्यायला माणसं पाठवायची. मग वाळीत टाकण्याला अर्थ काय राहिला? अप्पांनी क्षणभर मिशीवरून हात फिरवला. बघा हं, माणसाचं डोकं अडलं की कुठं कुठं धावतं!

"वाळीतलं घर गावात धरायचं नाय, असं ठरलंय," अप्पा म्हणाले. "जे घर गावात नाय, त्याचं सुतक गावाला नाय. पालखी वेळेवर उठेल."

वर्षभर मुंबईत चार जातींच्या माणसांबरोबर एका टेबलावर डबा खाणारे चाकरमानी, तेही बोलले नाहीत. शेवंती म्हणाली, "सुतक पाळू नका. माझ्याशी बोलूपण नका. नुसते चार खांदे द्या. त्यांना एकट्यानं कसं नेऊ मी?" बोलताना तिची नजर गणपतवर गेली. गणपतनं मान खाली घातली आणि पालखीची दोरी उगीचच घट्ट करू लागला.

ती परत फिरली. पाय घरी चालत होते, पण मनात एकच भीती होती. ऊन चढायच्या आत तात्यांना हातगाडीवर घालून न्यावं लागणार की काय? ज्यांच्या खांद्यावर देवी बसली, त्यांना लाकडाच्या ओंडक्यासारखं ढकलत न्यायचं? देवी, असलं काही माझ्या हातून करवू नको, असं ती सारखी पुटपुटत होती.

अंगणात येते तो काय! महाराज ओच्याला गाठ मारून उकिडवे बसले होते आणि बांबू मोजून तोडत होते. शेजारी सोमा हिलम काथ्याचा पीळ सोडवत होता. चांगुणा आपल्या वर्षाच्या मुलीला पाठीशी बांधून केळीची पानं पुसत होती. डोंगरातल्या कातकरवाडीवर निरोप कोणी पोचवला, हे आजवर कळलेलं नाही. सोमा पुढे एवढंच सांगायचा, की पहाटे महाराजांसारखा आवाज आला, "सोमा, चल, तुझ्या लेकीचा आजा गेला." दार उघडून बघतो तर बाहेर कोणी नाही.

शेवंतीनं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, गाव नाय आलं."

"हे बघ," महाराज म्हणाले, "रडायचं तेवढं रड. पण लाज वाटून रडू नको. तात्यांची मान कुठंही खाली जाण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. चल, त्यांना अंघोळ घालू."

महाराजांनी स्वतः बुधाजींना न्हाऊ घातलं, कपाळाला अबीर लावला, नवं धोतर नेसवलं. तिरडी बांधून झाली. आता खांदे मोजले, तर चौथा खांदा नव्हता. महाराज, सोमा, चांगुणा. शेवंती पुढे मडकं धरणार होती. कोकणात बाया मसणात जात नाहीत, पण दुसरं कोणी नसल्यावर काय करणार?

"मडकं मी तिरडीला बांधतो," महाराज म्हणाले. "तू खांदा दे. लेकीचा खांदा बापाला चालतो. कुठल्या देवानं नको म्हटलंय?"

शेवंतीला मात्र धास्ती वाटत होती. तात्या आडव्या हाडाचे, धिप्पाड. महाराजांचं वय झालेलं, चांगुणेच्या अंगावर मांस नाही, पाठीवर पोर. चौघांची उंची चार तऱ्हेची. नदीपर्यंत वाट चढउताराची. वाटेत खाली ठेवायची पाळी आली तर? तिनं दात आवळून जोर लावला आणि बांबू खांद्यावर घेतला. तो काय आश्चर्य! ओझं असं काही नव्हतंच. अंगणातली फुलांची परडी उचलावी तशी तिरडी उचलली गेली. शेवंतीनं घाबरून मागे बघितलं, तात्या आहेत ना! तात्या होते. चेहरा शांत होता.

"चला," महाराज म्हणाले. "तात्यांना रस्ता पाठ आहे."

नदीवर जायची वाट वाघजाईच्या पटांगणातूनच जाते, दुसरी वाट नाही. ते वळणावर आले तेव्हा देवळापुढे वेगळाच घोळ चालला होता.

पालखी उठत नव्हती!

ढोल वाजला, गणपत आणि तिघांनी दांड्या धरल्या, "वाघजाई मातेच्या नावानं" म्हणून जोर केला, आणि पालखी सहाणेवरून तसूभरही हलली नाही. आधी ते हसले. परत जोर केला. मग खांदेकरी बदलले. जिममध्ये जाणारे मुंबईचे दोन तगडे पोरगे लागले, त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पण पालखी जागची हलेना. एकानं वाकून खाली बघितलं, दांडी कुठं अडकली का. कुठंही अडकली नव्हती. चाकरमान्यांनी मोबाईल काढले होते, ते हळूहळू खिशात गेले. नारायण गुरवांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "आई, काय चुकलंमाकलं असंल तर लेकरांना पदरात घे," आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. तरी काही नाही. देवी जड झाली होती.

अप्पा घामाघूम झाले होते. एवढ्यात त्यांना वळणावर तिरडी दिसली. बाईच्या खांद्यावर, कातकऱ्यांच्या खांद्यावर. त्यांचा संताप उसळला. ते वाटेत आडवे उभे राहिले.

"थांबा! ही तिरडी हितून न्यायची नाय. देवी बाहेर बसलीय. विटाळ होतो."

तिरडी थांबली. महाराजांनी अप्पांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, हे पुढे कितीतरी जणांनी सांगितलं.

"अप्पा, सकाळी तुम्ही निवाडा दिलात. या घराचं सुतक गावाला नाही म्हणालात. खरं ना?"

"म्हटलं. मग?"

"सुतक नाही, तर विटाळ कसला? आणि विटाळ होतो म्हणता, तर हा माणूस तुमच्या गावचा आहे. दोन्हींपैकी एक काहीतरी बोला. बुधाजीला पुढे जायचंय."

गावाच्या डोळ्यांदेखत अप्पांना असं कोणी कधी अडवलं नव्हतं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते निघू नये असंच होतं.

"बुवा, लई शहाणपणा शिकवता!" ते खेकसले. "चार गावचं मागून खाणारे तुम्ही. एवढी देवाची ताकद हाय तुमच्यात, तर उठवा की म्हाताऱ्याला! जाऊ दे त्याला चालत मसणात. मग आमीपण पाया पडू."

"मेलेल्याला कशाला उठवायचं?" महाराज म्हणाले. "त्याचं सगळं चांगलं झालंय. इथं जिवंत उभे आहेत ते उठले, म्हणजे देवीही उठेल."

अहो, काय शब्द होते ते! गणपत पालखीची दांडी धरून उभा होता. त्याच्या हातातून दांडी सुटली. शेवंती त्याच्याकडे बघून म्हणाली, तिच्या आवाजात राग नव्हता, निरोप होता, "गणपतभावजी, तात्या जाताना तुमच्यासाठी बोललं. वहाळाच्या उतारावर मागची दांडी खाली सोड म्हणून सांग, म्हणालं."

मग मात्र गणपतला आवरलं नाही. "गुरुजी माझं!" असा हंबरडा फोडून तो धावत आला. मरताना ज्याला आपली आठवण आली, त्याला खांदा द्यायला आपण अप्पांची परवानगी बघत होतो, हे त्याला सहन झालं नाही. त्यानं चांगुणेचा बांबू आपल्या खांद्यावर घेतला. अप्पा ओरडले, "गणपत! वाळीत पडशील!"

"पडू दे," गणपत म्हणाला. "ह्यांच्याबरोबर पडीन."

त्याच्यामागून दुसरा आला. मग ते मुंबईचे दोन पोरगे आले. मग नारायण गुरव ओचा खोचून आले. ज्यांनी वर्षभर शेवंतीकडे बघितलं नव्हतं त्या बाया तोंडाला पदर लावून तिच्या मागे उभ्या राहिल्या, आणि एका म्हातारीनं तिला कवटाळून गळा काढला. "चुकलं गो बाय आमचं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. खांदे बदलायला एवढी माणसं झाली की रस्ता भरून गेला. ढोलवाल्यानं आपणहून ढोल उचलला आणि पालखीपुढे वाजतो तोच ठेका बुधाजींपुढे धरला. तुळाजी महाराजांनी मात्र आपला खांदा कोणाला बदलू दिला नाही. नदीपर्यंत ते तसेच चालले.

पटांगणात अप्पा एकटे राहिले.

ते पालखीजवळ गेले. त्यांनी पुढच्या दांडीला खांदा लावला. एकट्यानं पालखी उचलत नसते, हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण देवी आपल्यावर रुसली नाही एवढं तरी दिसावं, म्हणून ते जोर करत होते. त्यांचा पाय घसरला आणि ते सहाणेवर गुडघ्यांवर आपटले. तसं पडल्यावर त्यांना एक जुना शिमगा आठवला. तेव्हा तेही खांदेकरी होते. पुढच्या दांडीला एका बाजूला विश्राम, दुसऱ्या बाजूला बुधाजी. वहाळात असाच त्यांचा पाय घसरला होता, देवी पाण्यात पडायची वेळ आली होती, आणि बुधाजींनी एका खांद्यावर सगळी दांडी तोलून दुसऱ्या हातानं त्यांना दंडाला धरून वर काढलं होतं. गावात बुधाजींनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. पुढे विश्रामचा विश्रामअप्पा झाला, मानकरी झाला, तरीही नाही. अप्पा देवीच्या मुखवट्याकडे बघत राहिले. "आई, तो माझा जोडीदार होता," असं ते म्हणाले, आणि एवढा ताठ माणूस सहाणेला डोकं लावून लहान मुलासारखा रडला.

नदीकाठी चिता रचून झाली होती. गुरवांनी विचारलं, अग्नी कोण देणार? शेवंती म्हणाली, "मी." कोणी हरकत घेतली नाही. तिनं हातात पेटतं लाकूड घेतलं, एवढ्यात वाटेवरून हाक आली, "थांब गो बाय, थांब!"

अप्पा धावत येत होते. पागोटं कुठंतरी पडलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. लोकांना वाटलं, आता हा माणूस इथंही आडवा येतो की काय! शेवंती लाकूड धरून ताठ उभी राहिली. तिनं ठरवलं होतं, आता कोणी आडवं आलं तरी हटायचं नाही.

अप्पा थेट महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझं तुमचं काही भांडण नव्हतं, अप्पा. ज्याचं केलंत त्याच्याकडे जा."

अप्पा चितेपाशी गेले. त्यांनी बुधाजींच्या पावलांवर कपाळ टेकलं. काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही, आणि ते ऐकण्यासारखं नव्हतंच, ते त्या दोघांतलं होतं. मग ते उठले आणि शेवंतीपुढे हात जोडून उभे राहिले.

"मुली, वाळीत तुला टाकलं, पण बाहेर आमीच पडलो. माझ्याच्यानं माफी मागवत नाय, एवढं मोठं झालंय ते. तू सांग, काय करू? नाक घासू?"

सगळ्या गावाच्या नजरा शेवंतीवर होत्या. वर्षभर जे सोसलं ते सगळं बोलून दाखवायला याच्याहून चांगली संधी कुठली? पण ती म्हणाली, "नाय अप्पा. नाक कोणीच घासायचं नाय. तुमीपण नाय." मग तिनं मागे वळून बघितलं. चांगुणा लांब, करंजाच्या झाडाखाली बसली होती. चढउतार चालून तिचा घसा कोरडा पडला होता, पाठीवरची पोरही रडत होती. नदी समोर होती, पण एवढ्या गावासमोर पाणवठ्यात हात घालायची तिची हिंमत होत नव्हती. "तिला पाणी द्या," शेवंती म्हणाली. "तात्यांना खांदा देऊन दमलीय ती."

खरं सांगतो, शेवंतीच्या पायांवर डोकं ठेवणं अप्पांना सोपं गेलं असतं. मग त्यांनी गुरवांच्या हातातला तांब्या घेतला. नदीत उतरून स्वच्छ वाहतं पाणी भरून घेतलं, आणि करंजाखाली गेले. चांगुणा घाबरून उठू लागली.

"बस बाय," अप्पा म्हणाले. "बसून पी."

लांबून ओंजळीत पाणी ओतायची रीत असते, ती त्यांनी पाळली नाही. ते तिच्यासमोर वाकले, पार खाली वाकले, आणि तांब्या तिच्या हातात दिला. ती पाणी पिऊन होईपर्यंत वाघजाईचे मानकरी विश्रामअप्पा सगळ्या गावादेखत मान खाली घालून तिच्यापुढे तसेच वाकून उभे होते.

तेव्हा महाराज म्हणाले, "शेवंते, आता अग्नी दे. गाव आलं."

त्या दिवशी मंडळींनी नदीत अंघोळी केल्या, ऊन कलल्यावर पालखीला खांदा लावला, आणि वाघजाई अशी उठली की खांदेकऱ्यांना नाचावं लागलं नाही, तिनंच त्यांना नाचवलं. शेवंतीच्या घरी सुतक, म्हणून ओटी भरायची नव्हती. तरी पालखी तिच्या दारात वळली आणि थांबली. वाळीत टाकायची भाषा खैरकोंडात त्यानंतर कोणी काढली नाही. जे महाराज अशा वेळी मोठमोठ्या मिरवणुका सोडून एकट्या पडलेल्या दाराशी बांबू तोडत बसतात, ते आपल्या हातूनही असं एखादं दार उघडवून घेवोत, एवढंच त्यांच्या चरणी मागू या.